आमच्या गाडीचा पहिला मालक

गाड्यांच्या ऑफिससमोर टेबल टाकून बसलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपणहून येतात, बहुतेक वेळा गाडी ढकलत येतात, आणि आल्या आल्या म्हणतात, "मॅडम, पाच मिनिटाचं काम आहे!" पाच मिनिटाचं काम म्हटलं की मी समजून जाते. हा माणूस आता वर्षभर भेटत राहणार.

मी सुषमा. बुलढाण्यात गाड्यांची नोंदणी होते त्या ऑफिससमोर पत्र्याच्या शेडमध्ये माझा लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. लोकांचे ऑनलाईन फॉर्म मी भरून देते. शेजारच्या टेबलावर गवई काका बसतात. काकांचं काम एकच, चेसिस नंबरचा ठसा घेणं. हँडलखालच्या लोखंडात गाडीचा नंबर कोरलेला असतो. काका त्यावर पेन्सिल घासतात, वरून चिकटपट्टी दाबतात आणि पट्टीवर उमटलेला नंबर फॉर्मवर चिकटवून देतात. तीस वर्षं हेच करून राहिल्यामुळे काकांचा माणसांवरचा विश्वास उडालाय आणि लोखंडावरचा वाढलाय.

"मानूस खोटं बोलते, कागदबी खोटं बोलते," काका म्हणतात. "चेसिस नाई बोलत!"

नऊ वर्षं आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून लोकांचे किस्से ऐकले, थक्क झालो आणि हसलो. शेवटी एक किस्सा माझ्याच वाट्याला आला. तो मागाहून सांगते, आधी हे दोन ऐका.

*

लोणारकडचा एक माणूस आला. गाडी चांगली होती, धुऊनपुसून आणलेली. म्हणाला, नावावर करायची.

"आरसी बुक?"

"ते भावाकडं आहे."

"मग घेऊन या."

"तो नाई देत! वाटनी झाली ना आमची. त्याच्या वाट्याले कागद आले, माह्या वाट्याले गाडी आली!"

माझा हात कीबोर्डवरच राहिला. मी म्हटलं, अहो, गाडीची अशी वाटणी कोण करतं?

"पाच जनांनी बसून केली. दोघंबी गाडीवरच अडून बसलो होतो, मंग त्यायनं दोघाले सारखं देलं."

गवई काकांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, "अन् चाबी?"

"चाबी मायच्या वाट्याले!"

*

दुसरा किस्सा मेहकरच्या एका पोराचा. वडिलांच्या नावावरची गाडी स्वतःच्या नावावर करायला आला होता. मी त्याला नीट विचारलं होतं, वडील आहेत ना? तो म्हणाला, "घरी आहेत." मी म्हटलं, मग त्यांना घेऊन ये, साहेब मालकाला समोर बघतात.

दुसऱ्या दिवशी तो आला. काखेत गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते घेऊन तो सरळ साहेबांच्या टेबलाशी गेला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "मालक कुठे आहेत?"

पोरानं गोधडी सोडली आणि हार घातलेली फोटोची फ्रेम साहेबांच्या समोर उभी केली.

"हे घ्या. सही तेवढी नाई करू शकत, बाकी इचारा!"

साहेब दचकून उभेच राहिले. आधी त्यांनी फोटोला हात जोडले, आणि मग ते जे ओरडले ते आम्हाला शेडमध्ये ऐकू आलं! पोरगा बाहेर आला तेव्हा त्याला आपलं काय चुकलं तेच कळेना. "तुमीच म्हने समोर आना," तो मला म्हणाला. मृत्यूचा दाखला घरात असताना त्यानं फ्रेम आणली होती. त्यानंतर मी कोणालाही "वडील आहेत ना?" असं विचारत नाही. "वडील हयात आहेत ना?" असं विचारते.

*

आणि मग माझी स्वतःची गाडी पोलिसांनी धरली.

चिखली रोडवर नाकाबंदी होती. जमादारांनी हात केला, मी थांबले.

"कागद?"

मी ऐटीत म्हटलं, "साहेब, मी कागदांचंच काम करते."

"मंग तं सोपं आहे," ते म्हणाले. "दाखवा."

दाखवायला काहीच नव्हतं! नऊ वर्षं जगाचे कागद केले, आणि जिच्यावर बसून रोज कामाला येते तिचा एक कागद माझ्याकडे नव्हता. मला इतकी लाज वाटली की हेल्मेट काढलंच नाही.

ही गाडी बाबांची. बाबा लाईनमन होते. मी आठवीत असताना त्यांनी ही जुनी काळी मोटारसायकल घरी आणली. त्याआधी ते सायकलवर शिडी बांधून गावोगाव फिरायचे. गाडी आणली त्या दिवशी ते अंगणात तिच्याभोवती कितीतरी वेळ फिरत होते आणि शर्टाच्या बाहीनं टाकी पुसत होते. रोज सकाळी कामावर निघताना टाकी बाहीनंच पुसायचे, त्यांच्या प्रत्येक शर्टाची उजवी बाही काळी असायची. आई ओरडायची, बाबा हसायचे.

मी या धंद्यात आल्यावर दर महिन्याला त्यांच्या मागे लागायचे. "बाबा, गाडी नावावर करून घ्या ना! दुसऱ्याच्या नावाची गाडी किती दिवस चालवणार?"

त्यांचं एकच उत्तर. "हाव वो माय, आपल्याच नावावर आहे समज!"

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. कपाटात गाडीच्या नावाचा एकच कागद निघाला, विक्रीचा फॉर्म. खाली विकणाऱ्याची सही, वरचं सगळं कोरं. आमच्याकडे जुन्या गाडीचा व्यवहार असाच होतो. विकणारा कोऱ्या फॉर्मवर सही करून देतो आणि सुटतो. घेणारा "करू कधीतरी" म्हणतो आणि गाडी पुढच्याला देतो, सोबत तोच फॉर्म देतो. गाडी पाच जणांच्या हातून जाते आणि ऑफिसात मालक पहिलाच राहतो! ती सही म्हणजे नुसती गोल गोल रेघ होती, तिच्यातून नाव काही निघत नव्हतं. कॉम्प्युटरवर नंबर टाकला तर "नोंद सापडली नाही". इतक्या जुन्या गाड्या कॉम्प्युटरवर चढलेल्याच नाहीत, त्यांची नावं हातानं लिहिलेल्या रजिस्टरात आहेत.

मी शोधाचा अर्ज दिला. रेकॉर्डच्या मॅडम म्हणाल्या, "सुषमाताई, गठ्ठे पाहायचे म्हणजे वेळ लागणार. तोवर तुम्हाला मालक सापडला तर बघा."

जमादारांनी मात्र गाडी ठाण्यात ठेवून घेतली आणि हातात नोटीस दिली. पंधरा दिवसांत मालकीचा पुरावा आणा, नाहीतर गाडी बेवारस वाहनांच्या लिलावात जाईल.

बेवारस! हा शब्द मला अंगावर वीज पडल्यासारखा लागला. बाबांची गाडी, आणि बेवारस? मी तिथंच ठाण्याच्या पायरीवर बसले आणि रडले, अगदी खरं सांगते.

आई फोनवर म्हणाली, "जाऊ दे न माय. लोखंडच तं हाये."

पण मला ते लोखंडच हवं होतं.

*

आधी चेसिसचा ठसा हवा होता, म्हणून गवई काकांना घेऊन ठाण्याच्या आवारात गेले. गाडी दोन फुटक्या रिक्षांच्या मध्ये उभी होती, सीटवर कावळ्यांची घाण. काकांनी हँडलखाली बोट फिरवलं. नंबर रंगाच्या थरात बुजून गेला होता. त्यांनी सँडपेपर काढला आणि घासायला लागले.

काळा रंग गेला. खाली निळा निघाला!

"अरे बाप्पा," काका म्हणाले आणि अजून घासलं. निळ्याखाली हिरवा! हिरव्याखाली लाल! लाल गेल्यावर लोखंड लागलं आणि नंबर दिसला.

मी बघतच राहिले. एवढी वर्षं मी जिला काळी गाडी समजत होते तिच्या अंगात तीन गाड्या आणखी होत्या.

काकांनी शांतपणे हिशोब मांडला. "लाल कंपनीचा. बाकीचे तीन रंग मंग लावले. म्हंजे तुह्या बापाच्या आधी हिले तिघायनं तरी चालवलं. काळंवाला शोध, तो निळंवाला सांगन. निळंवाला हिरवंवाला सांगन. हिरव्याले इचार, लाल कोनाची होती. तोच पैला मालक!"

तीस वर्षं लोखंड घासणाऱ्या माणसाचं डोकं बघा! त्या पद्धतीनं मी निघाले.

*

काळंवाला आईला माहीत होता. देऊळगाव राजाचे सदाभाऊ कंपाउंडर. बालाजीच्या मंदिरामागच्या गल्लीत राहतात, आता थकलेत, पण डोकं तल्लख आहे. त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि गाडीची अशी चौकशी केली जशी सासरी दिलेल्या मुलीची करतात.

"काळा रंग मीच मारला," ते म्हणाले. "काळ्यावर डाग दिसत नाही. अन् समोर लाल फुली लावली होती दवाखान्याची. आठ वर्षं चालवली, एका पोलिसानं थांबवलं नाही! उलट सॅल्यूट करायचे!"

"पण भाऊ, गाडी कोणाच्या नावावर होती?"

"नाव?" ते खरोखर चकित झाले. "नाव कशाला बघायचं? इंजिन बघायचं!"

मी विचारलं, आरसी बुक तरी होतं का? होतं म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. कुठे आहे?

"विसर्जन केलं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "काय केलं?"

"विसर्जन! माझ्याकडे आलं तेव्हाच त्याची पानं हळदीकुंकवानं चिकटून गेली होती. आधीच्या लोकांनी दर दसऱ्याला गाडीसंगं बुकाचीही पूजा केली असणार. नावाच्या जागी तर कुंकवाचा थर होता, अक्षर दिसत नव्हतं. मीही दोन दसरे केले. मग पार लगदा झाला. पूजेची वस्तू, कचऱ्यात कशी टाकणार? निर्माल्यासंगं नदीत सोडलं!"

सरकारी कागद नदीत सोडून हा माणूस माझ्याकडे पुण्य केल्यासारखा बघत होता. मी चहा तसाच ठेवला. चुकून ओरडले असते, पण त्यांच्या बायकोनं तेवढ्यात शेव आणली. निघताना ते म्हणाले, "निळी होती तेव्हा शेगावच्या रमेशभाऊ लॉजवाल्याकडून घेतली. त्याले सांगा, सदाभाऊनं नमस्कार सांगितला."

चार दिवस गेले होते.

*

शेगावात रमेशभाऊंची लॉज स्टेशनपासून जवळच आहे. काउंटरवर ते स्वतःच बसले होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. "आधार कार्ड द्या, किती जन?"

मी कोरा फॉर्म काउंटरवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, सही पाहिली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका.

"अरे वा! हे तं माही सही!"

मी उडालेच. "म्हणजे तुम्ही पहिले मालक?"

"मी कायचा पैला! मी खेड्यातल्या एका म्हाताऱ्याकडून घेतली. तवा एक फॉर्म संगं आला होता, सहीचा. तो खिशात राहून राहून फाटला. मंग गाडी इकायच्या वक्ताले सदाभाऊ म्हने, फॉर्म पायजे. मंग का करू? नवा फॉर्म आनला अन् मीच सही ठोकली!"

"कोणाच्या नावानं?"

"नाव कुठं टाकलं? सहीच टाकली ना निस्ती! सही अशी करायची का कोनाचीबी वाटली पायजे!"

हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं की मला घेरी यायची बाकी होती. म्हणजे बाबांनी अठरा-एकोणीस वर्षं कपाटात जपलेला, मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेला एकुलता एक कागद म्हणजे या माणसाची करामत! कागदांचंच काम करणारी मी, आणि सगळ्यात मोठा पुरावा माझ्या डोळ्यांसमोर खोटा ठरला.

"ताई, घाबरून काऊन राह्यल्या?" ते म्हणाले. "पायजे तं अजून एक करून देतो!"

मी हात जोडले. मग त्यांनी निळ्या रंगाचीही गोष्ट सांगितली. लॉजच्या दारांना निळा रंग मारला होता, डबाभर उरला, तो गाडीला मारला. हिरवंवाल्या म्हाताऱ्याचं नाव सोनाजी आबा, चिखलीजवळच्या खेड्यात भाजीचा मळा. आहेत की नाहीत ते मात्र माहीत नव्हतं.

परत येताना गवई काकांना फोन लावला. सहीचं सांगितलं. काका म्हणाले, "मी म्हनलं होतं ना तुले, कागद खोटं बोलते."

*

नऊ दिवस गेले होते. सोनाजी आबा होते, आणि मेथीच्या वाफ्यात होते. ऐंशीच्या पुढचे, पण माझ्याआधी बांधावर चढले. मी गाडीचं सांगितलं तर कितीतरी वेळ हसत राहिले.

"हिरवी केलती मी! ट्रालीचा रंग उरला होता."

"आबा, कागद होते का तिचे?"

"कागद? बैल घेतला का बजारात पावती घेतो मी. गाडी तं मानसाकडून घेतली, घरी येऊन देली त्यानं. त्याले का पावती मांगू?"

मी डोक्याला हात लावला. त्या माणसानं आरसी बुक दिलं होतं का, असं विचारलं. दिलं होतं, आणि कोरा फॉर्मही सही करून दिला होता. मग मी त्या कुंकवाचं विचारलं. कारण ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. पूजा करा हो, पण कुंकू नेमकं नावावरच का?

आबांनी मळ्यातल्या घराकडे पाहिलं. दारात त्यांची बायको शेंगा निवडत बसली होती, तिला हाक मारून म्हणाले, "हे पोरगी इचारते, त्या बुकाले कुंकू काऊन लावत होतीस?"

म्हातारीनं मान वर न करता उत्तर दिलं. "त्या पोराचं चांगलं व्हावं म्हनून!"

मला काहीच कळेना. मग आबांनी सांगितलं.

"गाडी नवीनच होती. वरीसबी झालं नसन. जवान पोरगा होता तो. त्याच्या घरी काई अडचन होती, आमी इचारलं नाई. देऊन गेला, अन् आठ दिवसानं वापस आला. मी म्हनलं, का झालं बे? तं म्हने, काई नाई आबा, पाहून जातो. बसनं यायचा. अस्सा उभा राह्यचा गाडीपाशी, अन् चाल्ला जायचा. चार-पाच डाव आला. माह्या बायकोले लय वाईट वाटे. तिले म्या सांगलं होतं, बुकात पैली ओळ म्हंजे त्याचं नाव. वाचता तं दोघाले येत नाई. मंग दर दसऱ्याले ते त्या ओळीले कुंकू लावे, म्हने त्याच्या घरचं संकट टळो."

"काय नाव होतं त्याचं?"

"पोरगा म्हनत होतो आमी. नाव नाई आठवत, माय."

मी मळ्यातल्या बाजेवर बसून राहिले. एका माणसाचं भलं व्हावं म्हणून त्याचं नाव कुंकवाखाली बुजवून टाकलं होतं! चिडावं तर कोणावर? म्हातारी उठून आली, माझ्या पिशवीत मेथीच्या दोन जुड्या कोंबल्या आणि म्हणाली, "भेटला तो तुले, तं सांगजो, आमी याद करतो."

त्या पोराची मला फार कीव आली. पण ज्याचं नावच माहीत नाही त्याची सही आणायची कुठून? त्या दिवशी मी हरले. घरी येऊन आईला सांगितलं की गाडी गेली म्हणून समज. आई म्हणाली, "मेथी चांगली हाये."

*

चौदाव्या दिवशी दुपारी रेकॉर्डच्या मॅडम स्वतः ऑफिसातून बाहेर आल्या. नऊ वर्षांत त्यांना मी शेडपर्यंत आलेलं कधी पाहिलं नव्हतं. केसांना धूळ, साडीला धूळ, काखेत कापडात बांधलेलं रजिस्टर. त्यांनी ते माझ्या लॅपटॉपवरच ठेवलं.

"सापडलं," म्हणाल्या. "पण ताई, माझी गंमत करता का तुम्ही?"

"का हो?"

त्यांनी पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नंबर आमच्याच गाडीचा. गवई काका चष्मा पुसत उठून आले, त्यांनी खिशातून ठशाची पट्टी काढून चेसिस नंबर एकेक अक्षर जुळवून पाहिला. जुळला. रंगाच्या रकान्यात लाल. नंतरचे रकाने सगळे रिकामे, गाडी एकदाही दुसऱ्या कोणाच्या नावावर झालेली नव्हती.

मालकाच्या रकान्यात निळ्या शाईनं लिहिलं होतं, यशवंत किसन इंगळे. धंदा, लाईनमन. पुढे आमच्या गावाचं नाव.

मॅडमनी विचारलं, "हे तुमचे कोण?"

मी ते नाव बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचत होते. काकाच म्हणाले, "बाप आहे तिचा."

बाबांनी याआधी कधी गाडी ठेवली होती, हे घरात मला कोणी सांगितलेलं नव्हतं. चौदा दिवस मी तीन गावं पालथी घातली, आणि वारसाला लागणारा कागद म्हणजे बाबांच्या मृत्यूचा दाखला. तो माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होता! त्या मेहकरच्या पोराला आम्ही हसलो होतो.

मॅडमनी उतारा द्यायला घेतला. काकांनी पेन्सिल कानावर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. मी आईला फोन लावला.

"आई, बाबांकडे आधी कधी गाडी होती का गं? मी लहान असताना?"

"लहान नाई, तू व्हायच्या आंधी. नवी घेतली होती. का बरं?"

"मग कुठे गेली?"

आईच्या मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तू सातव्या महिन्यात झालीस. जालन्याले काचेच्या पेटीत ठेवलं होतं तुले, महिनाभर. तवा इकली. तुह्या बापानं मले सांगतलं, पोरीले गाडीचं कधी सांगजो नको, तिले वाटन माह्यामुळं गेली."

"आई," मी म्हटलं, "ठाण्यात उभी आहे ना, तीच ती गाडी."

"काई तरी बोलू नको," आई म्हणाली. "ते गाडी तं लाल होती!"